नीमसाहेबाच्या कोठीची मिस्त्रीण

जयवंताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या फाटकाबाहेरचा राडारोडा चाखत होत्या.

खरंच चाखत होत्या. १९९८चा सप्टेंबर होता. आदल्या महिन्यात आमच्या दिवाणखान्याच्या छताचा एक मोठा तुकडा वेलबुट्टीसकट खाली कोसळला होता आणि त्याचा ढीग आम्ही फाटकाशी लावून ठेवला होता. साठीकडे झुकलेली एक उंच, काटक बाई त्या ढिगापाशी उकिडवी बसली होती. निळ्या काठाची पांढरी साडी, म्हणजे कुठल्या तरी शाळेतली आया असणार. तिनं एक खडा उचलला, नखानं खरवडला आणि जिभेला लावला.

मी व्हरांड्यातून ओरडले, "अहो, काय करताय?"

"बेल हाय ह्याच्यात," वर न बघताच ती म्हणाली. "बेल, गूळ अन् हिरडा. हे आमच्या मामाच्या हातचं काम हाय, बाई."

मामा म्हणजे तिचे सासरे, अंबाजी मिस्त्री. ते नाव ऐकून आतल्या खोलीतून अप्पा काठी टेकत बाहेर आले. अप्पा म्हणजे माझे वडील, मुकुंदराव वकील, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी चष्मा पुसला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अंबाजीची सून? अगं, आत ये. रेणू, चहा टाक."

चाळीस वर्षांच्या चुन्यात बेलाची चव उरते का, यावर पुढं बराच वाद झाला. पण काम अंबाजींचंच होतं, यात शंका नव्हती. चुन्यात अंबाडीचं सूत बोटाच्या पेराएवढं कापून घालायची त्यांची रीत होती आणि ते सूत जयवंताबाईंनी त्या खड्यातून ओढून आम्हाला दाखवलं.

आमचं घर बरकतपुऱ्यात, काचीगुड्याच्या अंगाला. १८९३ साली ते बांधलं वॉल्टर पिम नावाच्या रेल्वेच्या इंग्रज इंजिनिअरनं. लोकांनी त्याचा नीमसाहेब केला, कारण अंगणात कडुनिंब होता आणि 'पिम' कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. साहेबानं आपल्या गावाकडच्या घरांचा सगळा थाट इथं उभा केला. पोर्चवर उभ्या उताराचं कौलारू छप्पर आणि त्याच्या कडेला लाकडी झालर, रस्त्याकडे पुढं आलेली सहा काचांची खिडकी, व्हरांड्याला ओतीव लोखंडाचे वेलदार खांब. ते खांब आगबोटीनं मुंबईला आणि तिथून मालगाडीनं इथं आले. दिवाणखान्यात त्यानं शेकोटीसुद्धा बांधली. हैदराबादेत! अप्पांच्या आठवणीत ती चार वेळा पेटली असेल, त्यातल्या दोन वेळा गंमत म्हणून.

पण साहेबाला इथला उन्हाळाही कळला होता. म्हणून भिंती दोन हात जाड, छत अठरा फूट उंच आणि सगळं बांधकाम इथल्या मिस्त्रींच्या हातचं. छताला सागवानी तुळया, तुळयांवर आडव्या पट्ट्या, त्यांवर चुन्यात उभ्या बसवलेल्या पातळ विटा आणि सगळ्यात वर चुना आणि सुरखीची, म्हणजे विटांच्या भुकटीची, गच्ची. आजोबांनी १९३१ साली हे घर विकत घेतलं, तेव्हापासून त्याची निगा अंबाजींकडे होती. ते गेल्यावर निगाही गेली. १९८८ साली गच्ची गळायला लागली म्हणून एका ठेकेदारानं वर सिमेंटचा जाड थर मारून दिला. आम्ही निश्चिंत झालो. दहा वर्षांनी छत खाली आलं.

ते दिवसच असे होते की जुनं घर असणं हा बावळटपणा वाटावा. आमच्या गल्लीतले पाच बंगले तीन वर्षांत पाडून तिथं अपार्टमेंटं झाली होती. नारायणगुड्यापासून दिलसुखनगरपर्यंत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि त्यात शिकलेली मुलं सरळ अमेरिकेचं विमान पकडत होती. माझा धाकटा भाऊ हर्षवर्धनही न्यू जर्सीत होता. दर रविवारी फोनवर त्याचं एकच म्हणणं, "ताई, बिल्डरला देऊन टाकू. अप्पांना लिफ्ट असलेला फ्लॅट मिळेल. तिथं कोण सांभाळणार आहे ते घर?" तो वाईट बोलत नव्हता. मी कॉलेजात इतिहास शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, आणि अप्पांचे गुडघे गेले होते.

त्यातच त्या वर्षी शहरातल्या वारसा इमारतींची यादी निघाली आणि तीत आमच्या घराचं नाव आलं. अप्पांनी पेढे वाटले. तीन महिन्यांत छत पडलं आणि तपासणीला इंजिनिअर आले. सुब्बाराव त्यांचं नाव. माणूस सरळ होता. तुळयांची टोकं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहिली, दोन तुळया भिंतीत शिरतात तिथं कुजल्या होत्या. त्यांनी अहवालात लिहिलं, छत धोकादायक. सहा महिन्यांत ते भाराच्या परीक्षेला उतरलं तर ठीक, नाहीतर पाडून सिमेंटचा स्लॅब टाकावा लागेल आणि घराचं नाव यादीतून काढण्याची शिफारस होईल. नाव गेलं की घर बिल्डरचं, हे मला न सांगताही कळत होतं.

हे सगळं चहाबरोबर जयवंताबाईंना सांगून झालं. त्या उठल्या, दिवाणखान्यात जाऊन भोकाखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून सगळं न्याहाळलं.

"छत चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "वरून सिमिटानं कोंडलंय त्याला. पाणी आत गेलं ते गेलं, भाईर यायला वाटच नाही. सिमिट काढा, दोन तुळयांना नवी टोकं जोडा, गच्ची नवी करा."

"करणार कोण?" मी विचारलं. "सहा मिस्त्री येऊन गेले. चुना म्हटलं की हसतात."

"मी करते की."

 त्यावर मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. "अहो, पण तुम्ही बायका चुना कालवता, वाहता. थापी तर मिस्त्री चालवतो ना?"

जयवंताबाई हसल्या. त्यांची हकीकत त्या दिवशी कळली ती अशी.

त्या उदगीरकडच्या. घरी शेती होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन हैदराबादेत आल्या. नवरा बस डेपोत लागला, त्याला चुन्याची घाण वाटायची. सासऱ्यांच्या कामात घरातलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सून चुना कालवायला जाऊ लागली. तेव्हा जुन्या शहरातल्या देवड्यांमध्ये, म्हणजे नवाबांच्या वाड्यांत, बायकांचा भाग वेगळा असायचा. तिथं परक्या पुरुषाला मज्जाव. भिंतीचा गिलावा पडला तर दुरुस्त करायचा कसा? अंबाजींनी युक्ती काढली. त्यांनी सुनेला घरामागच्या भिंतीवर दोन वर्षं थापी शिकवली, आणि मग ते बाहेरच्या दिवाणखान्यात बेगमसाहेबांच्या कारभाऱ्याशी गप्पा मारत बसायचे न् आत सून काम करायची. आरशासारखा घोटलेला गिलावा, कोनाड्यांच्या महिरपी, छताची वेलबुट्टी, सगळं. नाव अंबाजींचं व्हायचं. चौदा वर्षं तिनं असं काम केलं. सासरे वारले, देवड्या विकल्या गेल्या, सिमेंट आलं, आणि ती एका शाळेत आया झाली. बावीस वर्षं तिनं थापी धरली नव्हती.

"ह्या घरात पण आलते मी," त्या अप्पांना म्हणाल्या. "तुमच्या आईसाहेबांच्या खोलीत. तुम्ही कोर्टात असाल."

जुन्या घरांची जाणकार माणसं शोधता शोधता मला ज्योती सापडली. पुण्याची, सत्तावीस वर्षांची आर्किटेक्ट, जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेऊन नुकतीच इथं नोकरीला आलेली. चुन्याबद्दल तिला सगळं ठाऊक होतं आणि तिनं कधी चुना मळला नव्हता. जयवंताबाईंना सगळं येत होतं आणि त्यातलं एक अक्षर कुठं लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोघींचं भांडणच झालं.

"मावशी, प्रमाण काय घेता? एकास दोन की एकास अडीच?"

"हाताला कळतं."

"हाताला कळतं असं मी सुब्बारावसाहेबांना कसं लिहून देऊ?"

"मग त्यांना म्हणावं, हात घेऊन या."

शेवटी तोड निघाली. जयवंताबाई हातानं घेतील आणि ज्योती प्रत्येक घमेलं मोजून वहीत लिहील. तीन दिवसांनी ज्योती वही घेऊन माझ्याकडे आली. तिचे डोळे मोठे झाले होते. "ताई, एकवीस वेळा मोजलं. मूठभरही फरक नाही."

तरीही पहिला नमुना फसला. मागच्या भिंतीवर हातभर गिलावा करून पाहिला होता, तो चौथ्या दिवशी तडकला, कोरड्या तळ्यासारखा. जयवंताबाईंनी थापी धुतली, ठेवली आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. रविवारी हर्षवर्धनला मी म्हणाले, "बहुतेक तुझंच खरं होणार." तो म्हणाला, "ताई, तू प्रयत्न केलास." त्याच्या आवाजातली माया मला सहन झाली नाही.

सोमवारी सकाळी फाटकाशी एक टेम्पो थांबला. पुढं ड्रायव्हरशेजारी जयवंताबाई, मागं चुनखडीची पोती. बाजारातला चुना भिंती रंगवायच्या लायकीचा, त्यात जीव नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण एकदा निभावून नेऊ म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. आता तीन बस बदलून, विचारत विचारत त्या नळगोंड्याकडच्या एका जुन्या भट्टीवर पोचल्या होत्या. अंबाजींचा चुना तिथूनच यायचा. भट्टीवाल्याचा मुलगा आता विटा भाजत होता. त्याला समोर बसवून त्यांनी चुनखडी भाजून घेतली होती, आणि दोन दिवस त्याच्याच आईकडे जेवल्या होत्या.

"चूक माझी होती," त्या ज्योतीला म्हणाल्या. "लिहून घे वहीत."

मग मात्र काम सुरू झालं. अंगणात हौद खणून चुना भिजत घातला. महिना-दीड महिना त्याला हात लावू दिला नाही. तोवर सुतारानं कुजलेली टोकं कापून दोन तुळयांना जुन्या सागाचे नवे जोड बसवले आणि मजुरांनी छिन्नीनं, अगदी हळू, वरचा सिमेंटचा थर उतरवला. राडा खाली गेला आणि गच्ची हलकी झाली. चुना दळायची बैलाची घाणी आता कुठून आणायची, हा प्रश्न जयवंताबाईंनीच सोडवला. नारायणगुड्यातलं एक टिफिन सेंटर बंद पडलं होतं. त्यांचे इडली-डोशाचं पीठ वाटायचे दोन मोठे ग्राइंडर त्यांनी उचलून आणले.

"मावशी, ह्यात चुना?" ज्योती.

"दगडाला दगड घासतोय ना? बैल असला काय न् करंट असला काय."

गच्चीचा दिवस उजाडला तो डिसेंबरमधला. सुरखी, बारीक खडी आणि चुना यांचा वीतभर थर पसरायचा आणि तो ओला असतानाच लाकडी थाप्यांनी बडवायचा. एक दिवस नाही, सलग नऊ दिवस, थर दगडासारखा वाजेपर्यंत. त्याला माणसं हवीत आणि ती एका तालात हवीत. जयवंताबाईंनी आपल्या वस्तीतल्या सोळा बायका आणल्या. कुणी मराठी, कुणी तेलुगू, दोघी मुसलमान. रांगेनं बसून त्या गच्ची बडवायच्या आणि तालासाठी गाणी म्हणायच्या. गाणी जागच्या जागी रचलेली. सुब्बारावांच्या टकलावर एक होतं, माझ्या न झालेल्या लग्नावर तीन. गाणं एका भाषेत सुरू व्हायचं, दुसरीत संपायचं, आणि हसू आवरेना की ताल चुकायचा. मग जयवंताबाई ओरडायच्या, "हौ हौ, हसा नंतर! थर वाळतोय!"

खाली अप्पा खुर्ची टाकून ऐकत बसायचे. अपार्टमेंटांच्या गच्च्यांवरून लोक बघायला उभे राहायचे. पाचव्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या एक तेलुगू आजी जिना उतरून आल्या, पदर खोचला आणि काही न विचारता रांगेत बसल्या. लहानपणी माहेरची गच्ची त्यांनी अशीच बडवली होती. नवव्या दिवशी गूळ आणि बेलाचं पाणी शिंपून शेवटचा हात फिरवला, आणि जयवंताबाईंनी नाणं टाकलं. ते टणकन् उडालं.

मग छताची आतली बाजू. परांची बांधली होती, तिच्यावर पाठीवर पडून काम. अठ्ठावन्न वर्षांची बाई सकाळी आठला वर चढायची ती जेवायलाच खाली. शाळेतली साठवलेली सगळी रजा त्यांनी यात घातली. वेलबुट्टीचा पडलेला भाग, द्राक्षांचे घोस आणि पानं, त्यांनी उरलेल्या नक्षीकडे बघत साच्याशिवाय बोटांनी उभा केला. काम संपल्यावर ज्योतीनं खालून दुर्बीण लावून जुनं कुठं संपतं न् नवं कुठं सुरू होतं ते शोधायचा प्रयत्न केला. तिला सांगता आलं नाही. अप्पांना विचारलं, त्यांनी बोट दाखवलं ते चुकीच्या कोपऱ्याकडे. त्या दिवशी जयवंताबाईंनी स्वतःहून दुसरा चहा मागितला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. सुब्बारावांनी गच्चीवर वाळूची पोती रचायला लावली. ओळीवर ओळ, मोजून, हिशेबानं जितका भार यायला हवा तितका. खाली दिवाणखान्यात तुळयांना टेकवून घड्याळासारख्या तबकड्या उभ्या केल्या. छत केसभर वाकलं तरी त्यांचा काटा हलतो. पोती चोवीस तास ठेवायची, मग काढायची. वाकलेलं छत त्यातलं निदान पाऊण परत वर आलं पाहिजे. नाही आलं तर नापास.

अप्पा म्हणाले, "जयवंता, अंबाजी असता तर छताखाली जाऊन उभा राहिला असता. मिस्त्रीची रीतच होती ती."

"ते गड्यांचे खेळ, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "छताला माझ्या जिवाची जमानत कशाला? ते आपल्या बळावर उभं राहील." आणि त्या अंगणात जाऊन ग्राइंडर धुवायला बसल्या.

मी त्यांच्यासारखी नव्हते. दिवसभर मी दारातून त्या काट्यांकडे डोकावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पोती उतरली. सुब्बारावांनी काटे वाचले, कागदावर गणित मांडलं, खोडलं, परत मांडलं. पुन्हा आत जाऊन काटे वाचून आले. त्यांच्या सहायकानं काही विचारलं, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं. मग ते अंगणात आले. तिथं आम्ही सगळे उभे होतो, सोळा बायकांसकट.

"अम्मा," ते जयवंताबाईंना म्हणाले, "पौना हिस्सा वापस आना था. सौ में सत्तानवे आ गया. मैं तीस साल में स्लॅब का भी ऐसा नतीजा नहीं देखा."

 मग ज्योतीनं किंकाळी फोडली आणि जयवंताबाईंना उचलायला गेली. ते काही जमलं नाही, दोघीही कडुनिंबाच्या पारावर धपकन बसल्या. सोळा जणींनी तिथल्या तिथं टकलाचं गाणं सुरू केलं. गाणं अजून मराठीतच होतं, ते न कळून सुब्बाराव मान डोलावत होते. अप्पा रडत होते आणि चष्मा पुसायचं विसरले होते.

अहवालात एक रकाना होता, काम करणाऱ्या मिस्त्रीचं नाव. सुब्बारावांनी लेखणी जयवंताबाईंपुढं धरली. त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. शाळेत पोरींच्या वर्गाबाहेर बसून त्या जे शिकल्या होत्या ते तेलुगू. त्या गोल अक्षरांत त्यांनी सावकाश, एकेक वळण जपत, आपलं नाव लिहिलं. मग थांबून विचारलं, "खाली काम पण लिहायचं का?" हो म्हटल्यावर त्यांनी लिहिलं, मिस्त्री. चौदा वर्षं देवड्यांत आणि आता इथं, पण कामाखाली त्यांचं नाव लागलं ते पहिल्यांदा.

घराचं नाव यादीत राहिलं. मे महिन्यात हर्षवर्धन आला, बॅगा हॉलमध्ये ठेवल्या आणि जमिनीवर उताणा झोपून छत बघत राहिला. लहानपणी तो असाच झोपायचा. म्हणाला, "ताई, नको म्हणून बिल्डरला मी फोन करतो." आणि खरंच केला.

पुढची गोष्ट जयवंताबाईंची. शाळेत त्या परत गेल्या, पण पंधरा दिवसच. सुब्बारावांनीच त्यांचं नाव चार ठिकाणी सांगितलं होतं. सोळापैकी नऊ जणी त्यांच्याबरोबर राहिल्या, त्यांतल्या पाच जणींना त्यांनी थापी शिकवली, देवडीच्या नव्हे, उघड्या रस्त्यावरच्या भिंतींवर. सिकंदराबादचं एक शंभर वर्षांचं प्रार्थनाघर, जुन्या शहरातली एक कमान, रेल्वेचे दोन बंगले. सात वर्षं त्यांनी काम केलं. ज्योतीच्या वहीच्या आता आठ वह्या झाल्या आहेत, आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं त्यांतून चुन्याची प्रमाणं शिकतात.

त्या कॉलेजात एकदा जयवंताबाईंना बोलायला बोलावलं होतं. मीही गेले होते. व्यासपीठावर माईक, पाण्याची बाटली, गुच्छ. प्राचार्यांनी लांबलचक ओळख करून दिली. जयवंताबाई उठल्या, समोरच्या दोनशे मुलामुलींकडे पाहिलं आणि माईकमध्ये म्हणाल्या, "बोलून चुना येत नाही. बाह्या वर करा अन् खाली अंगणात चला. मी दोन घमेली आणलीत."

आणि दोनशे पोरं, प्राचार्यांसकट, जिना उतरून त्यांच्यामागं गेली.